‘येऊन गेल्या’ असं मी लिहून दिलं

हे लिहू नकोस, असं मला तिघांनी सांगितलं. संघटनेचे सेक्रेटरी म्हणाले, मालकांच्या हातात आयतं कोलीत मिळेल. माझे मामा म्हणाले, बाईच्या जातीने आपला विद्रूप चेहरा असा चव्हाट्यावर मांडू नये. तिसरी माझी माय. ती म्हणाली, लिही, पण माझं नाव नको घालू. तिचं नाव मी घातलेलं नाही. तिने जे केलं ते मात्र घातलं आहे, कारण ते वगळलं तर मागे उरतं ते पुन्हा खोटंच.

मला देवी आल्या तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. धुळ्याच्या जिनांमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यांत, सरकी निवडणाऱ्या, रुई वाहणाऱ्या बायांची आमची एक छोटी संघटना होती आणि तिची पत्रकं मी लिहायची. लोक म्हणत, शांताच्या पत्रकाला धार असते. मलाही तसंच वाटायचं.

देवी हा रोग कसा होतो, लस कशी बनते, हे सांगायला डॉक्टर आहेत. मी एवढंच सांगणार आहे, की एखादी बाई ‘मला येऊन गेल्या आहेत’ असं म्हणते तेव्हा तिला खरोखर किती माहीत असतं. आणि दुसरीने ते न पारखता कागदावर उतरवलं तर काय होतं. ज्यांच्या घरात आज कोणी तापाने फणफणून पडलं आहे, त्यांनी हे वाचावं. ज्यांना पत्रकं लिहिण्याची हौस आहे, त्यांनी तर वाचावंच.

फाटकावर

होळीच्या आधीचे दिवस. कापसाचा हंगाम अजून संपला नव्हता आणि गावात देवींची साथ शिरली होती. एका जिनाच्या मालकाने फाटकावर पाटी लावली : देवी काढल्याचा दाखला असेल त्यालाच आत सोडलं जाईल. देवी काढणं म्हणजे लस टोचून घेणं. पाटी लावली हे चांगलं केलं, हे मी आज म्हणते. त्या वेळी मला फक्त फाटकावरचा कारकून दिसत होता.

त्याच्यासमोर पन्नाशीची एक बाई उभी होती. नाकाचा शेंडा देवींनी खाल्लेला, दोन्ही गालांवर मसूर बसेल एवढाले खड्डे. कारकून म्हणाला, दाखला. तिने गालावर बोट टेकवलं.

“हाऊ काय शे मंग? हाऊ दाखला नही का?”

“त्याच्यावर सही कुठे आहे, मावशी?”

मागच्या बाया हसल्या, ती स्वतःही हसली. पण तिला परत जावं लागलं आणि तिचा त्या दिवसाचा रोज बुडाला. ज्या बाईच्या अंगावरून देवी एकदा गेली, तिला ती पुन्हा येत नाही, हे आमच्या खेड्यातलं पोरदेखील सांगेल. घरात कोणाला देवी आल्या की अशाच बाईला बोलावून आणतात, ती रोग्याजवळ बसते, तिला काही होत नाही. आणि इथे तिलाच बाहेर काढलं, कारण तिच्याजवळ कागद नाही. माझं डोकं फिरलं. मी घरी जाऊन पत्रक लिहिलं : जिच्या चेहऱ्यावर रोगानेच सही केली, तिच्याकडे आणखी कोणाची सही मागता?

हे वाक्य बरोबर होतं. आजही मी त्यातला एक शब्द मागे घेत नाही.

तीन दिवस आम्ही फाटकावर बसलो. मालकालाही माल उचलायचा होता. शेवटी ठरलं, की ज्यांना देवी येऊन गेल्या त्यांची यादी संघटनेने लिहून द्यावी, त्यांना दाखला मागितला जाणार नाही. आम्ही जिंकलो. मी यादी केली. वणवाल्या अकरा बाया रांगेने आल्या, त्यांची नावं लिहिली. मग आणखी चौघी आल्या. त्यांचे चेहरे साफ होते. आम्हालाही लहानपणी येऊन गेल्या, पण हलक्या आल्या, असं त्या म्हणाल्या. त्यांतली एक केसर. वीसेक वर्षांची, रुईच्या पाट्या वाहणारी, आठ महिन्यांचं मूल अंगावर पिणारं. कपाळावर केसांच्या कडेला दोन बारीक खड्डे, तेवढाच काय तो पुरावा. लस टोचली की दंड सुजतो, ताप भरतो, तीन-चार दिवस पाटी उचलता येत नाही आणि दाखला मिळतो तो टोचलेली नीट उठली, म्हणजे तिथे फोड आला, हे आठवड्याने पाहिल्यावर. तेवढे दिवस घरी बसणं तिला परवडणारं नव्हतं. बाळ पितं आहे तोवर टोचून घेण्याचं तिला भयही वाटत होतं. मी तिला विचारलं, नक्की आल्या होत्या ना? ती म्हणाली, माय सांगायची. मी लिहिलं.

आज मला कळतं, की भांडायचं होतं ते त्या आठवड्याच्या पगारी रजेसाठी. ती मागणी माझ्या डोक्यातही आली नाही. मला फाटक उघडायची घाई झाली होती.

यादीत सर्वांत वर मी माझं नाव घातलं होतं. मलाही लहानपणी येऊन गेल्या होत्या. पोटावर आणि पाठीवर मोजून सात खड्डे होते. लस टोचायला नेमलेले डॉक्टर फाटकाजवळच बसत. त्यांनी यादी वाचून मला विचारलं, तुमच्या कोणी पाहिल्या होत्या? मी खड्ड्यांचं सांगितलं आणि म्हणाले, अख्ख्या गावाने. ते म्हणाले, एवढ्या सात खड्ड्यांवरून मी मोठ्या देवी म्हणणार नाही, टोचून घ्या. मी त्यांना सर्वांदेखत ऐकवलं, की तुम्हाला माणसावर नाही, कागदावर विश्वास आहे. टाळ्या पडल्या. डॉक्टर पुढच्या माणसाची बाही वर करू लागले.

तळहात

दोन आठवडे झाले असतील. एका सकाळी उठले ती कंबर मोडल्यासारखी. ताप इतका, की डोळ्यांच्या खोबणी जळत होत्या. हिवताप असेल म्हणून कडू काढा घेऊन पडले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, मला बरं वाटलं, मी उठून पत्रकांचे गठ्ठेही बांधले. चौथ्या दिवशी घशात काटे आल्यासारखं झालं आणि कपाळावर, मनगटांवर लाल पुरळ दिसू लागलं.

शेजारच्या वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर नाकाला लावून त्या मागे सरकल्या. ते मागे सरकणं मी विसरणार नाही. नंतर त्यांनी माझ्यासाठी खूप केलं, पण पहिलं पाऊल मागेच पडलं. तुमच्याही बाबतीत तसंच होईल. राग धरू नका.

डॉक्टर तेच आले. मला वाटलं, आता ते टोमणा मारतील, आणि मारला असता तर मला बरंच झालं असतं. ते म्हणाले, तळहात दाखवा. मग म्हणाले, तळपाय. दोन्हीकडे दाणे होते, कातडीच्या आत छर्रे रुतल्यासारखे. त्यांनी माझे सात जुने खड्डेही नीट पाहिले.

“या मोठ्या देवी आहेत,” ते म्हणाले. “लहानपणी आल्या त्या कांजिण्या होत्या.”

मी म्हणाले, कसं शक्य आहे. ते म्हणाले, शक्य आहे हे तुम्ही बघताच आहात. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी हळू आवाजात विचारलं, यादीत अशा आणखी कोणी आहेत का, ज्यांच्या चेहऱ्यावर वण नाहीत? आज टोचलं तर अजून वाचतील.

मी म्हणाले, नाही. सगळ्या वणवाल्याच आहेत.

हे मी का म्हणाले, याला माझ्याजवळ चांगलं कारण नाही. तापाचं निमित्त सांगता येईल, पण डोकं ठिकाणावर होतं. आपण जिंकलेली गोष्ट आपल्याच तोंडाने मोडायची मला लाज वाटली. एवढंच. त्या लाजेने चार बायांचा एक दिवस खाल्ला.

तट्ट्यांच्या झोपड्या

साथीच्या रोग्यांना गावाबाहेर, पांझरा नदीच्या काठाने वर गेलं की लागणाऱ्या मोकळ्या जागेत ठेवत. बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्या, दाराला कडुनिंबाचे डहाळे, सभोवार काटेरी कुंपण. कुंपणाबाहेर एक मोठा धोंडा होता. नातेवाईक तिथे येऊन बसत, आणलेला डबा ठेवत आणि लांबूनच बघत.

आत आमचं सगळं करायचे शकूरचाचा. जातीने पिंजारी, धनुकलीवर कापूस पिंजण्यात अर्धं आयुष्य गेलेलं. चेहरा देवींनी चाळणीसारखा केलेला, एका डोळ्यात फूल पडलेलं. ते रोग्यांना उचलत, पुसत, भरवत, त्यांच्यातच राहत. मी पहिल्या दिवशी विचारलं, चाचा, तुमच्याजवळ दाखला आहे का? इथेही मला तेच सुचत होतं.

“तीनदा टोचलं, बेटा. एकदाही उठली नाही,” ते म्हणाले. “डॉक्टरसाहेब म्हणतात, आता तुला टोचून माझी लस वाया जाते. बस इथेच, हेच तुझं काम.”

ज्याच्या अंगात देवीला अटकाव बसलेला असतो, त्याच्या दंडावर लस उठत नाही, आणि उठत नाही म्हणून साधा दाखलाही मिळत नाही. त्या झोपडीत मला पहिल्यांदा माझं पत्रक कुठे खरं होतं ते दिसलं. ते शकूरचाचांच्या बाबतीत खरं होतं. माझ्या बाबतीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या खाटेवर कोणाला तरी आणून निजवलं. कण्हण्याचा आवाज ओळखीचा वाटला. मान वळवून पाहिलं तर केसर होती.

मी ओरडून चाचांना बोलावलं. डॉक्टरांना निरोप द्या, आणखी तिघी आहेत, त्यांची नावं अशी, घरं अमुक गल्लीत. चाचा चपला न घालताच निघाले. त्या तिघींना त्याच दुपारी टोचलं. केसरच्या बाळालाही टोचलं. त्या तिघी वाचल्या. डॉक्टर नंतर मला म्हणाले, केसरला तुमच्याबरोबरच लागण झाली होती, तुमच्या एका दिवसाच्या गप्प बसण्याने तिचं काही बदललं नाही. ते खरं असेल. पण तिला टोचायचं होतं ते पंधरा-वीस दिवस आधी, आणि तेव्हा तिला मी कागद दिला होता.

आता दिनक्रम सांगते, कारण आत गेलेल्या माणसाच्या घरच्यांना तो कधीच कळत नाही. सकाळी लाल औषधाच्या पाण्याने अंग पुसायचं. डोळे बोरिकच्या पाण्याने धुवायचे, नाहीतर पापण्या चिकटतात. मग ज्वारीची पातळ पेज, चमच्याने, घसा घेईल तेवढी. दुपारी माशा. माशांना कडुनिंब लागतो आणि हलवणारा हात लागतो. दाण्यांत पू भरला की अंग आपलं राहत नाही. कुशीवर वळणं नाही, पाठीवर निजणं नाही. वासाने स्वतःचीच शिसारी येते. झोपडीतल्या चौथ्या-पाचव्या दिवशी माझे डोळे सुजून मिटले आणि पुढचे सहा दिवस मी आंधळी होते. त्या सहा दिवसांचं जे सांगते ते ऐकलेलं आहे.

केळीची पानं

माझी माय आली ती रावेरकडून. गाडीत बसून जळगाव, मग चाळीसगाव, तिथे उतरून धुळ्याची गाडी. डोक्यावर केळीच्या पानांचा भारा. आमच्या घरी केळीचे बाग आहेत. देवी आलेल्याला कापडावर निजवत नाहीत, चादर अंगाला चिकटते आणि उचलताना कातडी घेऊन येते. तेल लावलेल्या केळीच्या पानावर निजवतात.

कुंपणापाशी तिला कोणी दाखला विचारला नाही. तिच्या चेहऱ्याकडे पाहून शकूरचाचांनी कुंपणाची काठी बाजूला केली. माझ्या मायला लहानपणी मोठ्या देवी येऊन गेल्या होत्या, आणि तिचे गाल तसेच आहेत.

तिने माझ्या पाठीखाली पान सरकवलं तो थंडावा मला अजून आठवतो. इतकी साधी गोष्ट, पण त्या वेळी कोणी मला राज्य दिलं असतं तरी मी पानच मागितलं असतं. तिने आणलेल्या भाऱ्यातून अर्धी पानं केसरला दिली. कोण आहे, कुठली आहे, हे नंतर विचारलं.

एका दुपारी ती माझ्या अंगावर डहाळी हलवत होती. मी विचारलं, “माय, लहानपणी मला आलं होतं ते काय होतं?”

डहाळी थांबली. ती म्हणाली, “कांजण्या व्हत्या.”

“तुला माहीत होतं?”

“मले नाही माहीत राहीन? माह्या अंगावरून मोठ्या गेल्या. मले फरक कळणार नाही?”

मग तिने सांगितलं. माझ्याआधी तिला एक मुलगा होता. देवी काढणारा गावात आला तेव्हा त्याला टोचलं. त्याचा दंड सुजला, काळा पडला, आठ दिवसांत पोर गेलं. पुढे माझ्या वेळी तो माणूस कोतवालाला घेऊन दारात आला, तेव्हा माझ्या अंगावर कांजिण्यांच्या खपल्या होत्या. माय म्हणाली, हिला देवी येऊन गेल्या. त्याला शंका आली, तो म्हणाला पुढच्या फेरीला बघतो. तेव्हा मायने त्याच आठवड्यात माझं देवीचं न्हाण केलं. मोठ्या देवी उतरल्यावर करतात तसं : कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ, देवीपुढे दहीभाताचा नैवेद्य, आणि अख्ख्या गल्लीला बोलावून तो वाटायचा. गल्ली जेवली. पुढच्या फेरीला तो माणूस आला तेव्हा पाटलांनीच सांगितलं, अहो, हिच्या न्हाणाचा दहीभात आम्ही खाल्लाय. त्याने वहीत माझ्या नावापुढे लिहून टाकलं : देवी आलेल्या. एकदा न्हाण झाल्यावर टोचून घेणं म्हणजे देवीवर अविश्वास, म्हणून मग घरातही तो विषय कोणी काढला नाही.

“खोटं बोलले असं मले कधी वाटलंच नाही,” माय म्हणाली. “न्हाण घातलं म्हणजे आल्याच ना. मीच इसरून गेले.”

डॉक्टरांना मी ऐकवलं होतं, अख्ख्या गावाने पाहिल्या. गावाने पाहिला होता दहीभात.

मी तिच्यावर खूप संतापले. बोलता येत नव्हतं, घसा आतून सोललेला, तरी तोंडाला येईल ते बोलले. मला ऐकू येत होती फक्त डहाळी. ती पुन्हा हलू लागली होती. माझा राग निवला तो दया येऊन नाही, हिशेब लक्षात येऊन. तिने एक पोर गमावलं होतं, दुसरं वाचवायला खोटं सांगितलं. मी काय गमावलं होतं? मला तर कोणी भ्यायलाही लावलं नव्हतं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सगळं कळलं ते तिच्याच तोंडून. त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं, आणि अजून ते नीटसे बोलत नाहीत. यात त्यांचाही दोष आहे, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे. मुलगा गेल्यावर त्यांनी बायकोला एकदा तरी विचारायचं होतं, तुला कशाची भीती वाटते.

केसर

केसरच्या खाटेचा आवाज मला ओळखता यायचा. ती फार कण्हत नसे. तिला सगळ्यांत मोठा त्रास होता दुधाचा. बाळ बाहेर, छाती दुधाने दगड झालेली, वर ते दाणे. माय हात धुऊन तिच्याजवळ बसायची, दूध काढायची आणि बाहेर कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतून यायची.

तिची सासू रोज बाळाला घेऊन धोंड्यावर येऊन बसे. केसरचेही डोळे मिटले होते.

“मावशी, मना पोऱ्या दिखस का?”

“दिसतो ना.”

“काय करस?”

“तुह्या सासूचे केस ओढतो.”

केसर हसायची. हसलं की ओठ फाटायचे, तरी हसायची. नवरा एकदाच आला, हमालीचं ओझं टाकून तसाच. तो फार वेळ थांबला नाही.

तिला झोपडीत आणल्याच्या सहाव्या दिवशी, सकाळचं पुसणं झाल्यावर, तिने मला हाक मारली. मी ओ दिली. तिने विचारलं त्यात आरोप नव्हता. असता तर मी उत्तर देऊ शकले असते, उत्तरं देण्यात मी तयार आहे. ती खरंच विचारत होती.

“ताई, तू लिखी दिधं व्हतं ना? मंग या देवी कशा उन्यात?”

माझ्या मायने आणि चाचांनीही ते ऐकलं. मी म्हणाले, “मी चुकीचं लिहिलं, केसर. मला माहीत नसताना लिहिलं.”

ती मग म्हणाली, “माले बी माहीत नव्हतं. पन तू शिकेल शे. माले वाटनं, तुले माहीत व्हई.”

तिच्या मायने सांगितलेलं तिला स्वतःलाच पुरतं खरं वाटत नव्हतं. माझ्या कागदावर ते उतरलं तेव्हा तिला खरं वाटलं. ज्या शंकेने ती कदाचित आठवडाभराचा रोज बुडवून टोचून घ्यायला गेली असती, ती शंका मी तिच्या मनातून काढून टाकली होती. पत्रकाची धार म्हणतात ती ही.

नंतर दोन दिवस ती आम्हाला नावाने ओळखत नव्हती. बाळाशी बोलत होती, पाटी उचला म्हणून कोणाला सांगत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी माय पानं बदलायला आली. माझी बदलली. मी केसरच्या खाटेवर पान सरकवल्याचा आवाज ऐकायची वाट पाहत होते. तो आला नाही. माय तिथे उभी होती, तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. मग चाचा आत आले आणि त्यांनी तिला बाहेर नेलं.

मी विचारलं नाही. मला डोळे उघडता येत नव्हते आणि त्या दिवशी उघडायचेही नव्हते.

बाहेर

मी वाचले. खपल्या पडायला तीन आठवडे लागले. झोपडीत आरसा नव्हता, चाचांनी मुद्दामच ठेवला नव्हता. मी पहिल्यांदा चेहरा पाहिला तो पितळेच्या तांब्यात, आणि पाहून ठेवून दिला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांची असेल त्यांनी लाजू नये, रडावं.

निघताना डॉक्टरांनी मला एक कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, की या बाईला देवी आलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत, हिला टोचण्याची गरज नाही. खाली सही. म्हणजे मी फाटकावर भांडून मागितली होती तीच सवलत. त्यांनी ती कोणी न भांडता दिली, कारण त्यांनी पाहिलं होतं. म्हणून माझं म्हणणं आता असं आहे, आणि ते मी छापून वाटणार आहे. जिच्या चेहऱ्यावर वण आहेत तिला परत पाठवू नका. ज्याने रोग डोळ्यांनी पाहिला आणि ओळखला त्याने लिहून द्यावं, ते माना. बाकी कोणाचं ऐकू नका, मायचं नाही, पाटलाचं नाही, संघटनेचं नाही. टोचून घ्या. आणि टोचल्यावर दंड सुजतो तेवढ्या दिवसांची रजा मालकाकडून भांडून घ्या. त्यासाठी फाटकावर बसायचं असेल तर मी आहे.

सेक्रेटरी म्हणाले, एवढं छाप, केसरचं नको. मी म्हणाले, मग काहीच छापणार नाही.

घरी जाण्याआधी मी केसरच्या घरी गेले. जिनांच्या मागच्या गल्लीत एक खोली. दारातली पोरं माझ्याकडे पाहून पळाली. तिची सासू उंबऱ्यात बाळाला घेऊन बसली होती. तिने मला ओळखलं नाही, मी नाव सांगितलं. मग मी जे सांगायला गेले होते ते उभ्यानेच सांगितलं : केसरला देवी येऊन गेल्याचं मी लिहून दिलं, ते खोटं होतं, मी लिहिलं नसतं तर ती टोचून घेऊन आठ दिवस घरी बसली असती. म्हातारीने ऐकून घेतलं. शिव्या दिल्या नाहीत, असू दे म्हणाली नाही, आत ये म्हणाली नाही.

बाळ सारखं दंड खाजवत होतं. तिने त्याची बाही वर करून मला दाखवलं. टोचलेली नीट उठून सुकली होती, वर जाड काळी खपली. खपली उपटून हळद भरू का, असं तिने विचारलं. ते पोर झोपत नाही, म्हणाली.

मी म्हणाले, “नको. आपोआप पडेल.”

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. “तुले माहीत शे, का असंच सांगी ऱ्हायनी?”

मला माहीत होतं, असं मला वाटत होतं. माझ्या अंगावरून हजार खपल्या पडल्या होत्या. पण लसीची खपली मी कधी जवळून पाहिलेली नव्हती.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “चला, डॉक्टरांना विचारू.”

तिने दाराला कडी लावली. मी बाळाला घ्यायला हात पुढे केले. तिने ते माझ्याकडे दिलं नाही, आपल्या कडेवर घेतलं, आणि आम्ही दवाखान्याकडे चालू लागलो.